‘नाना, मका आन’ : पहिली-दुसरीला वाचायला-लिहायला शिकवताना

खानदेशातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरी एकत्र घेते. मुलं घरी अहिराणी बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत असतं. नोकरीच्या सुरुवातीला मला जसं शिकवलं गेलं होतं तसंच मी शिकवत होते. आधी अ ते अः, मग क ते ज्ञ, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. दिवाळीपर्यंत मुळाक्षरं, संक्रांतीपर्यंत बाराखडी, आणि अर्थाचं पहिलं वाक्य उजाडायचं फेब्रुवारीत. तोवर निम्मा वर्ग सुटलेला असायचा. जी गोष्ट आपण कशासाठी करतोय हेच कळत नाही, ती सहा वर्षांच्या लेकरानं आठ महिने का करावी?

आता माझा आग्रह एकच आहे. पहिलीत आलेल्या मुलानं महिना-सव्वा महिन्यात स्वतःच्या तोंडचं, अर्थाचं एक वाक्य स्वतःच्या बळावर वाचलं पाहिजे. मग ते चार शब्दांचं असो की तीन. पुढे लिहिलेली सगळी पद्धत त्या एका वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी आणि तिथून पुढे जाण्यासाठी आहे.

अक्षराआधीचे पंधरा दिवस

पंधरा जूनला शाळा उघडते. पहिले दोन आठवडे मी फळ्यावर एकही अक्षर गिरवायला देत नाही. ‘विद्याप्रवेश’ हा शाळेसाठी मुलांची तयारी करून घेणारा बारा आठवड्यांचा सरकारी कार्यक्रम पहिलीला असतोच, त्यातले कानाचे खेळ या दिवसांत भरपूर घ्यावेत. मूल लिहिलेलं वाचायला लागण्याआधी त्याला बोललेलं तोडता आलं पाहिजे. ‘कापूस’ म्हणताना तीन टाळ्या, ‘मका’ म्हणताना दोन. मग पहिला आवाज ओळखायचा: ‘माझ्या पिशवीत एक वस्तू आहे, ती म-नं सुरू होते.’ मग शब्दांच्या भेंड्या, म्हणजे शेवटचा आवाज. शेवटचा आवाज ओळखणं अवघड असतं, त्याला आठवडा गेला तरी चालेल. ज्या मुलाला ‘कान’ या शब्दात दोन तुकडे ऐकू येत नाहीत, त्याला क आणि न दाखवून उपयोग होत नाही. तो दोन चित्रं पाठ करतो, एवढंच.

याच दिवसांत नावाच्या पट्ट्या करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव, ठळक आणि मोठं. दाराजवळ सुतळी बांधायची, पट्ट्या खाली पसरून ठेवायच्या. मूल आलं की स्वतःचं नाव शोधून चिमट्यानं सुतळीला लावतं. हीच हजेरी. दहाव्या दिवसापर्यंत बहुतेकांना आपलं नाव ओळखू येतं, आणि दोन नावं सारख्याच अक्षरानं सुरू होतात हेही कुणीतरी आपणहून सांगतं. त्या क्षणाची वाट बघायची, घाई करायची नाही.

मुलांनी घरच्या बोलीत बोलावं. ‘मॅडम, मनी माय भाकर करस’ असं कुणी सांगितलं की ‘नीट बोल’ म्हणू नका. ‘हो का? तुझी आई भाकरी करते? ज्वारीची की बाजरीची?’ असं उत्तर द्या. मुलाचं वाक्य मान्य झालं आणि प्रमाण मराठीचं वाक्यही त्याच्या कानावर पडलं. ज्याचं बोलणं पहिल्याच आठवड्यात चुकीचं ठरतं ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार जड जातं.

‘क कमळाचा’ का नको

अंकलिपीतली ओळ आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे. पण वर्गात ती काय करते बघा. फळ्यावर ‘कान’ लिहून एका मुलीला विचारलं. तिनं क-वर बोट ठेवून ‘कमळाचा’ म्हटलं, न-वर बोट ठेवून ‘नळाचा’, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, ‘कमळनळ?’ तिनं काहीच चूक केली नव्हती. तिला जे शिकवलं होतं तेच तिनं जोडलं. अक्षराचं नाव म्हणजे त्याचा आवाज, एवढंच मुलाच्या डोक्यात राहिलं पाहिजे. चित्र हवं असेल तर आठवणीपुरतं भिंतीवर ठेवा, म्हणायला लावू नका.

‘क ला काना का, न, कान’ ही फोडही तितकीच नडते. लहान शब्दात खपून जाते. पण ‘बाजारात’ असा शब्द आला की ‘ब ला काना बा, ज ला काना जा, र ला काना रा, त’ म्हणता म्हणता सुरुवातीचा ‘बा’ विसरलेला असतो. काना हे वेगळं चिन्ह आहे हे मुलाला कळावं, पण वाचताना ‘का’ हा एकच घास असावा.

पहिला अक्षरगट

सगळी मुळाक्षरं ओळीनं न घेता चार-पाच अक्षरांचा गट घ्यायचा, त्यात पहिल्या दिवसापासून एखादं स्वरचिन्ह असायचं, आणि त्या गटातूनच शब्द आणि वाक्यं करायची. ही कल्पना माझी नाही. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावातून काम करणारी क्वेस्ट ही संस्था, या मंडळींनी मराठीतल्या सुरुवातीच्या वाचनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मी माझ्या मुलांच्या तोंडचे शब्द बघून गट बसवले. तुम्ही तुमच्या गावाचे शब्द बघून बसवा.

माझा पहिला गट: म, क, न, र, आ आणि काना. या सहा चिन्हांत काय काय बसतं ते मोजा: कान, नाक, मान, काम, रान, मका, कमान, आराम, काका, मामा, नाना. शरीर, नाती, शेत, तिन्ही आले. ‘काका, आराम करा’, ‘मामा, काम करा’ अशी वाक्यंही होतात.

एका अक्षराला दोन दिवस द्या. म-चे दोन दिवस माझ्या वर्गात असे जातात. मक्याचं कणीस हातोहात फिरतं. म-नं सुरू होणारे शब्द मुलं सांगतात, मी ऐकत राहते. मग फळ्यावर वीतभर उंचीचा म काढते, दोनदा, तोंडानं हाताची दिशा सांगत. मुलं हवेत काढतात, मग धूळपाटीत. धूळपाटी म्हणजे चहाच्या जुन्या ट्रेमध्ये चाळलेली माती. बोटाला खरखर लागली पाहिजे, ती आठवण पेन्सिलीपेक्षा पक्की बसते. मग चिंचोके मांडून म. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आसपासच्या बिया-पानांचीच साधनं केली होती. आपल्याकडे चिंचेचं झाड आहे तोवर साधनांची तक्रार करू नये. शेवटी नावाच्या पट्ट्यांत म शोधायचा. कुणाच्या नावात पहिला, कुणाच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी ‘म’ आणि ‘मा’ शेजारी शेजारी, आणि ‘मामा’ हा पहिला शब्द वाचून दिवस संपतो.

दोन अक्षरं जोडायला मूल अडतं ते इथे. ‘का’ वेगळा, ‘न’ वेगळा म्हणतं आणि थांबतं. त्याचं बोट धरा, का-खाली ठेवा, आवाज न तोडता न-पर्यंत सरकवा: ‘काऽऽऽन’. घसरगुंडीसारखं. आणखी एक बारीक गोष्ट आहे. ‘मका’मधला म पूर्ण वाजतो, ‘काम’मधला शेवटचा म तोकडा वाजतो. मूल ‘का-म’ असं शेवटचा अ ओढून म्हणतं आणि त्याला तो शब्द ओळखू येत नाही. तेव्हा नियम सांगत बसू नका, ‘भराभर म्हण, आपण काय करायला शेतात जातो?’ एवढं विचारा. अर्थ सापडला की उच्चार आपोआप जागेवर येतो. म्हणूनच पहिल्या दिवसांत निरर्थक जोड्या वाचायला देऊ नयेत. ‘नम’, ‘रक’ यांना मुलाकडे पकडायला काही नसतं.

अकरा-बारा दिवसांनी शब्दपट्ट्या खाली टाकल्या आणि म्हटलं, यातून काहीही बनवा. एक मुलगा बराच वेळ उकिडवा बसून होता. त्यानं ‘नाना’ उचललं, पुढे ‘मका’ ठेवलं. मग त्याला हवा असलेला शब्द सापडेना. माझ्याकडे येऊन त्यानं कोरी पट्टी मागितली, आ काढला, शेजारी न काढला. जमिनीवर वाक्य तयार झालं: नाना, मका आन. मी ते होतं तसं फळ्यावर लिहिलं. सगळ्या वर्गानं ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर वर्ग हसला, कारण त्याचे नाना खरोखर मक्याच्या शेतात राबणारे. पुस्तकात तिथे ‘आण’ असतं हे मला माहीत आहे. ण शिकवायची वेळ पुढे येणार होती. त्या दिवशी त्या मुलाला कळलं की मनातलं वाक्य जमिनीवर मांडता येतं आणि दुसऱ्याला ते वाचता येतं.

पुढचे गट

दुसरा गट: ल, प, स, ब आणि दीर्घ वेलांटी. यात पाल, साप, लाल, बाबा, बकरी, मामी, काकी येतात, आणि ‘लाल परी आली’ हे वाक्य येतं. एसटीला सगळं गाव लाल परी म्हणतं, त्यामुळे हे वाक्य वाचून कुणी गप्प बसत नाही. तिसरा गट: त, ग, द, एक मात्रा आणि दीर्घ उकार. तेल, दात, पेरू, कापूस, बदक. पुढच्या गटांत व, ह, य, च, ज, ओकार, अनुस्वार. त्यानंतर ट, ड, ख, घ वगैरे आणि ऱ्हस्व वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम उशिरा घ्यावी. ती अक्षराआधी लिहायची आणि नंतर बोलायची, हा उलटा प्रकार मुलाला सुरुवातीला झेपत नाही. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते ती त्यामुळेच. ङ आणि ञ पहिलीत मी शिकवतच नाही. ॲ आणि ऑ मात्र हवेत, मुलांच्या तोंडी बॅट आणि डॉक्टर रोज असतात.

प्रत्येक गटाला साधारण दोन आठवडे. दिसायला सारखी अक्षरं एका गटात आणू नका: भ-म, घ-ध, ब-व, प-ष, य-थ, ट-ठ-ढ. एक पक्कं होऊन महिना झाला की दुसरं घ्यावं. दोन्ही एकाच आठवड्यात दिली तर ‘हा कोणता, तो कोणता’ हा गोंधळ चौथीपर्यंत पुरतो.

च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन आवाज आहेत: चाक आणि चहा, जाळं आणि जीभ, झाड आणि झेंडा. मुलांना हे सांगायला मी चमचा वापरते. ‘एक चमचा, दोन चमचे.’ अक्षर तेच, आवाज बदलला. बोलताना ते बरोबरच बोलतात, फक्त अक्षर एकच आहे याचं नवल वाटतं, आणि ते वाटू द्यावं.

बाराखडी म्हणायची का? म्हणावी, पण शेवटी. सगळी स्वरचिन्हं ओळखीची झाल्यावर तक्ता म्हणून बघितली तर मुलं स्वतःच रिकाम्या जागा भरतात. सुरुवातीला म्हटली तर ती नुसतं गाणं होते. खात्री करायची असेल तर बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘को’ दाखवा. तो ‘क का कि की’पासून मोजत येतो.

ण आणि ळ

खानदेशात या दोन अक्षरांवर स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. अहिराणीत पाणी म्हणजे पानी, काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया, जळगावसुद्धा जयगाव. म्हणजे ज्या आवाजासाठी आपण अक्षर दाखवतोय तो आवाज मुलाच्या तोंडात नाहीच. त्याला ‘ण बाणाचा’ म्हणून काय कळणार? त्याच्या घरी तो बान आहे.

मी आधी आठवडाभर फक्त कानाचं काम घेते. ‘माय’ आणि ‘माळ’, ‘गाय’ आणि ‘गाळ’, ‘मन’ आणि ‘मण’ अशा जोड्या. मी शब्द म्हणते, मुलं बरोबर चित्राकडे पळतात. मग जिभेचा खेळ: शेंडा वर वळवून टाळूला लावायचा आणि ळ म्हणताना सोडायचा. हसतात, पण जमतं. अक्षर त्यानंतर.

आणि एक गोष्ट अधिकारी आणि पालक दोघांनाही मी सांगत आले आहे. पुस्तकात ‘पाणी’ असताना मूल ‘पानी’ वाचतं तेव्हा ते वाचनात चुकलेलं नसतं. त्यानं अक्षरं ओळखली, अर्थ घेतला आणि आपल्या बोलीत उच्चार केला. ती चूक म्हणून नोंदवली तर चांगलं वाचणारं मूल कच्च्यांच्या यादीत जातं. कोरकू, पावरी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात ही काळजी याहूनही जास्त घ्यावी लागते, कारण तिथे उच्चारच काय, शब्दही वेगळे असतात.

लिहायला शिकवणं

वाचन आधी आणि लेखन नंतर असा क्रम मी मानत नाही. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात. फक्त लेखनाचे दोन भाग वेगळे ठेवावे लागतात: हाताचं वळण आणि मनातलं मांडणं. पहिल्यापायी दुसरं अडवू नये.

वळणासाठी अक्षरांची घराणी करा. ग-म-भ-न यांत उभा दंड उजवीकडे. व-ब-क यांत पोटाचा गोल. ट-ठ-ढ-द यांत लोंबता वळसा. प-ष-फ एकत्र. वळण बसवताना सारखी अक्षरं एकत्र चालतात, ओळख करून देताना नाही. हा फरक लक्षात ठेवा. दंडाची दिशा वरून खाली. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे, एकदम. पेन्सिल तीन बोटांत. अगदी लहान तुकडा दिला तर मुठीत धरताच येत नाही, पकड आपोआप सुधारते. डावखुऱ्या मुलाला डाव्याच हातानं लिहू द्या आणि बाकावर डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याचा कोपर लागत नाही.

पानभर कित्ता गिरवायला देणं मी सोडलं त्याचं कारण सांगते. एका दुपारी एका मुलीच्या शेजारी बसून तिला ‘म’चं पान लिहिताना बघितलं. तिनं आधी ओळीनं सगळे उभे दंड मारले, पानाच्या तळापर्यंत. मग सगळ्यांना गाठी. मग वरून रेघा. तिनं एकदाही म लिहिला नव्हता, दंड, गाठी आणि रेघा लिहिल्या होत्या. दुसऱ्या एकाच्या वहीत पहिली ओळ माझ्या अक्षरासारखी होती, दुसरी पहिलीसारखी, आणि दहाव्या ओळीपर्यंत म-चा भ झाला होता, कारण तो दर वेळी वरच्या ओळीचं बघून काढत होता. आता मी चारच अक्षरं लिहायला लावते आणि ‘यातलं तुला सगळ्यात चांगलं कोणतं वाटतं, त्याला गोल कर’ म्हणते. मूल स्वतःचं अक्षर बघायला शिकतं.

मनातलं मांडणं म्हणजे चित्र काढून खाली लिहिणं. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून तीनदा. एकानं बैल काढला, आणि खाली लिहिलं: ‘मना बईल काया शे’. अशा वेळी लाल पेन हातात घेऊ नका. काय काय बरोबर आहे ते बघा: चार शब्द सुटे लिहिलेत, प्रत्येक आवाजाला अक्षर शोधलंय, ‘बैल’मधला ऐ ऐकून अ आणि ई असा मांडलाय. दोन मात्रा अजून शिकवलेल्याच नव्हत्या. मी त्याला वाचायला लावलं, मग खाली माझ्या अक्षरात लिहिलं: ‘माझा बैल काळा आहे.’ दोन्ही ओळी भिंतीवर लावल्या आणि वर्गाला विचारलं, कोणते शब्द बदलले, कोणता तसाच राहिला? व्याकरणाचा त्याहून चांगला तास माझ्याकडून झालेला नाही.

ऱ्हस्व-दीर्घ पहिली-दुसरीत दुरुस्त करू नये असं माझं ठाम मत आहे. ‘शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार दीर्घ’ एवढं दुसरीच्या शेवटी सहज सांगावं, पाणी, पेरू, वाळू अशी उदाहरणं देऊन. बाकी तिसरीपासून. श्रुतलेखन मात्र रोज घ्या, पण तीन शब्द आणि एक वाक्य एवढंच, शिकवलेल्या अक्षरांतलंच, आणि तपासायचं मुलांनी स्वतः, फळ्यावर बघून.

गोष्ट वाचून दाखवणं

याला वेळ नाही असं म्हणणाऱ्या शिक्षकांना मी विनवते: बाकी काहीतरी सोडा, हे सोडू नका. ज्या घरात छापलेला कागद म्हणजे रेशनकार्ड आणि बियाण्याची पिशवी, तिथल्या मुलाला पुस्तकाचा आवाज कसा असतो हे फक्त तुमच्याकडूनच कळणार आहे. रोज पंधरा मिनिटं, मुलांच्या पातळीवर बसून, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून, ओळीखाली बोट फिरवत. पान उलटायच्या आधी थांबा आणि ‘आता काय होईल?’ विचारा. पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. मोबाइलवरून दाखवण्यापेक्षा छापून शिवून ठेवलेल्या बऱ्या. तीच गोष्ट चौथ्यांदा मागितली तर चौथ्यांदा वाचा. पाचव्या वेळी मूल पुस्तक हातात घेऊन ‘वाचल्यासारखं’ करतं, आणि त्यातलं एखादं अक्षर ओळखीचं निघालं की थबकतं.

माझा रोजचा दीड तास साधारण असा: पंधरा मिनिटं गोष्ट, वीस मिनिटं अक्षर आणि आवाज, वीस मिनिटं शब्द-वाक्यं बनवणं, वीस मिनिटं लेखन, पंधरा मिनिटं ज्याचं त्यानं वाचणं. दुसरीची मुलं त्या वेळात जोडीनं वाचतात किंवा पहिलीच्या गटाला शब्दपट्ट्या काढून देतात.

वाचतोय की पाठ म्हणतोय

सामूहिक वाचनात पुढच्या चार मुलांचा आवाज असतो, बाकीच्यांचे ओठ हलतात. वर्गाबाहेरून फार छान वाटतं. म्हणून प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा एकट्याला जवळ घेऊन ऐका, दोन मिनिटं पुरतात. पाठाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवा. तिथून वाचता येत नसेल तर ते पाठांतर आहे. मी एका वहीत उभ्या रकान्यात नावं आणि आडव्या ओळीत अक्षरगट लिहून ठेवते. पक्कं झालं की खूण. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरतात ते टप्पेही सोयीचे आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल आज कुठल्या टप्प्यावर आहे हे कळलं की उद्या काय द्यायचं ते कळतं.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा योग्य आहे. पण घड्याळ लावून सराव घेऊ नका. मूल अर्थ सोडून धावायला लागतं. वेग वाढवायचा खरा उपाय म्हणजे तोच छोटा उतारा तीन-चार दिवस, दर वेळी वेगळ्या कारणानं वाचणं: एकदा जोडीदाराला, एकदा पात्रांच्या आवाजात, एकदा घरी आईला. आई निरक्षर असली तरी अडत नाही. माता गटाच्या बैठकीत मी एवढंच सांगते की लेकरू वाचून थांबलं की ‘मग काय झालं?’ असं विचारा.

जोडाक्षरं

भीती मोठ्यांना असते. मुलं पक्का, कच्चा, गप्पा हे शब्द जन्मापासून बोलतात. पहिलीच्या शेवटी या दुहेरी अक्षरांपासून सुरुवात करा, मग दंड गळणारी: पुस्तक, तुम्ही, माझ्या. ‘शेजारी बसायचं तर पहिल्यानं आपली काठी बाहेर ठेवायची’ असं मी सांगते. द्य, क्त, श्र, त्र, क्ष, ज्ञ ही रूप बदलणारी अक्षरं वेगळी, शब्दातूनच ओळखीची करायची.

र-ला मात्र तीन-चार आठवडे राखून ठेवा. सूर्य, प्राणी, ट्रक, दुसऱ्या, इतकी त्याची रूपं. मुलांना फरक पटवायला एक जोडी फार उपयोगी पडते: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन चित्रं काढा, दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणा. पहिल्या शब्दात ‘द’वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही. ज्याच्या कानाला हे कळलं त्याला रफार कुठे द्यायचा हे सांगावं लागत नाही.

जे मागे राहतात

दर वर्षी तिसरी-चौथीत दोन-चार मुलं अक्षरांवरच असतात. त्यांना तिसरीचं पुस्तक समोर ठेवून बसवणं हा अन्याय आहे. रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा आणि त्यांना पहिल्या अक्षरगटापासून न्या. मोठी असल्यानं भराभर पुढे जातात. शब्द मात्र त्यांच्या वयाचे घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला ‘मामा, काम करा’ देऊ नका, ट्रॅक्टर, क्रिकेट, बाजारभाव द्या. आणि आधी डोळे-कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांना या मुलांची नावं आवर्जून द्या. फळ्यावरचा घ-ध कळत नाही म्हणून ज्याला मी महिनोन्महिने समजावत होते, त्याला चष्मा लागल्यावर आठवड्यात कळला.

राहिली ऊसतोडीला जाणारी मुलं. दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर जातात, एप्रिलमध्ये परततात. शिक्षण हमी पत्रक द्यावंच, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. त्याबरोबर मी एक कापडी पिशवी देते: झालेल्या गटांच्या शब्दपट्ट्या, हातानं शिवलेली तीन छोटी पुस्तकं ज्यातला प्रत्येक शब्द त्यांना वाचता येतो, कोरी वही, दोन पेन्सिली. वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलाचंच एखादं वाक्य माझ्या अक्षरात लिहिलेलं असतं. परत आली की पहिल्याच दिवशी त्यांना जवळ घेऊन बसायचं, पिशवी उघडायला सांगायची, आणि वहीत काय काय लिहिलंय ते त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. मागच्या एप्रिलमध्ये एका मुलीच्या वहीत चार पानं भरलेली होती. कोपीतल्या, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीतल्या, चुलीचं चित्र, बैलगाडीचं चित्र, आणि खाली मोडक्या शिरोरेघांत लिहिलं होतं, ‘आमी घर आलो’.